हळूहळू सुधारणारा थर्मामीटर

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही आमच्या यांनी आणून दिली. म्हणाले, तुला ज्याचा ज्याचा संशय येतो ते सगळं यात लिही, जेवायला बसल्यावर मला सांगू नकोस, माझा घास घशात अडकतो. बरं. लिहिते. पहिली नोंद हीच की बिस्किटांचा पुडा काल भरलेला होता आणि आज त्यात चारच उरली आहेत, आणि घरात साखरेचा त्रास असलेला माणूस एकच आहे.

हे शाळेत व्यायामशिक्षक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तीस वर्षं पोरांची वजनं आणि उंच्या मोजण्यात गेली. यांना वाटतं, एकदा मोजलं की विषय संपला. मोजणाऱ्यावर नजर कोण ठेवणार, हा प्रश्न यांना कधी पडला नाही. मला तोच पडतो आणि माझी नोकरी त्याच्यावरच चालली आहे.

आमच्या प्रकल्पात गेल्या दीडशे वर्षांत हवा कशी बदलत गेली ते शोधतात. बाराशे हवामान केंद्रांच्या जुन्या नोंदवह्या संगणकात भरून झाल्या आहेत, काही कोटी आकडे. संगणक प्रत्येक केंद्राची त्याच्या शेजारच्या केंद्रांशी तुलना करतो. ज्याचं शेजाऱ्यांशी जमत नाही त्याचा नंबर लाल यादीत जातो, आणि लाल यादी माझ्या टेबलावर येते. यंत्र बिघडलं होतं, की केंद्र हलवलं होतं, की माणूस घरी बसून आकडे लिहीत होता, ते मी ठरवायचं. एक पठ्ठ्या दर रविवारी शनिवारचाच आकडा थोडा इकडेतिकडे करून लिहायचा. नऊ वर्षं! तो मेल्यावर साठ वर्षांनी मी त्याला रंगेहाथ पकडला. आणि नियम माझा स्वतःचा आहे: वर्षापेक्षा जास्त काळ ज्यानं खोटं लिहिलं, त्याची सगळी कारकीर्द वगळायची. एकदा खोटं पचलेल्या माणसाची बाकीची वर्षं मी का मानू? ऑफिसात मला पाठीमागे 'कात्री' म्हणतात. मला ठाऊक आहे, आणि वाईट वाटत नाही.

आज नवी लाल यादी आली. अडतीस केंद्रं. विसाव्या ओळीत ४१७.

४१७ म्हणजे आमचं केंद्र. मी तिथल्या क्वार्टरमध्ये लहानाची मोठी झाले. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे एकतीस वर्षं निरीक्षक होते. मी यादी उलटी ठेवली आणि पाणी पिऊन आले. कुणाला काही बोलले नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

४१७ चा आलेख काढून पाहिला. नको तेच निघालं.

सगळी गडबड सकाळी साडेआठच्या तापमानात आहे. पेटीतल्या उभ्या थर्मामीटरवर ते वाचतात. आजूबाजूच्या अकरा केंद्रांच्या मानानं ४१७ चा आकडा एका महिन्यात अचानक अर्ध्या अंशाहून जास्त खाली येतो. पुढे फरक हळूहळू कमी होत जातो, वर्षानं थोडा, दोन वर्षांनी आणखी थोडा. साडेतीन वर्षांनी जवळजवळ नाहीसाच. मग निरीक्षक वीस दिवस रजेवर, आणि रजेवरून परतल्यावर सगळं चोख. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान वेगळ्या थर्मामीटरवर वाचतात, ते दोन्ही आडवे असतात. त्यात मात्र काही खोट नाही. म्हणजे चोर निवडून चोरी करत होता.

आमच्या सांख्यिकीवाल्यांना सगळे आकडेवाले म्हणतात. पन्नाशीचा शांत माणूस, पेन्सिल कायम कानामागे. त्यांनी आलेख बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बिघडलेला थर्मामीटर बिघडतच जातो. हळूहळू सुधारणारा थर्मामीटर मी अजून पाहिलेला नाही." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे का पाहिलं? त्यांना ठाऊक आहे का की ४१७ कुणाचं? माझं माहेरचं आडनाव त्यांना कोण सांगणार? पण ऑफिसात भिंतींना कान असतात.

साल पाहिलं. तेव्हा मी सहा वर्षांची होते. संपलं तेव्हा साडेनऊ.

८ फेब्रुवारी, शनिवार

शनिवार अण्णांचा. सकाळी आठच्या सुमाराला जाते, त्यांचे कपडे, औषधं, डबे बघते, दुपारी परत. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, दोन खोल्यांच्या घरात एकटे राहतात, हट्टानं. आई जाऊन बारा वर्षं झाली. गॅलरीत त्यांनी जुना थर्मामीटर टांगलेला आहे. रोज सकाळी साडेआठला वाचून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं, हे निवृत्त झाल्यापासून चालू.

आज गेल्या गेल्या म्हणाले, "बघ गं, काय म्हणतोय?" म्हटलं, तुम्हीच बघा, चार पावलांवर तर आहे. तर म्हणे उठायचा कंटाळा आला. वाचला. सोळा आणि आठ, म्हणजे सोळा अंश आणि वर आठ दशांश. "बरोबर," म्हणाले आणि कॅलेंडर हातात घेऊन लिहिलं. मी पाहिलं तर काय, गेल्या आठवड्याचे रकाने कोरे. आधीच्याही. फक्त शनिवार भरलेले. मी आले की दाखवण्यापुरतं लिहायचं! एवढ्याशा कॅलेंडरवर जो माणूस चालढकल करतो, त्यानं तेव्हा काय केलं असेल?

लहानपणी हाच आमचा खेळ होता. मी जेमतेम वाचायला शिकले होते. सकाळी अण्णा माझा हात धरून आवारातल्या पांढऱ्या झडपांच्या पेटीकडे न्यायचे, इतका घट्ट की बोटं दुखायची. वाटेत गटार होतं, मी पडेन म्हणून. पेटी उघडून विचारायचे, "काय म्हणतोय?" मी मान वर करून वाचायचे. "सतरा आणि चार!" ते म्हणायचे, "बरोबर." साडेतीन वर्षांत मी एकदाही चुकले नाही. एकदाही नाही! आज माझी नजर जी बारीक आहे ती तिथे तयार झाली, असं मी सगळ्यांना सांगते.

आणि माणूस किती कडक! नव्या निरीक्षकांना शिकवायला त्यांनाच बोलवायचे. डोळा पाऱ्याच्या बरोबर समोर हवा, वरून पाहिलं तर आकडा जास्त दिसतो, खालून पाहिलं तर कमी, हे वाक्य मी अण्णांच्या तोंडून शंभरदा ऐकलंय. मलाही शिस्त होती. दर महिन्याच्या एक तारखेला पेटीच्या खांबाला पाठ टेकवून ताठ उभं राहायचं, हलायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

आज मी आडून आडून विचारलं, अण्णा, त्या काळी कधी वाचायचं राहून जायचं का हो? ते म्हणाले, एकही दिवस नाही. आणि लगेच, तुझं बीपी कसं आहे? विषय असा बदलला की मनात शंकेची पाल चुकचुकलीच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

४१७ च्या मूळ वह्या भांडारातून मागवल्या. चार वह्या, पुठ्ठ्याच्या खोक्यात. भांडारपालानं धूळ झटकली ती सगळी माझ्या डब्यावर. मुद्दामच.

अक्षर अण्णांचंच, त्यात शंका नाही. पण कसलं! आधीच्या वह्यांमध्ये मोत्यासारखं बारीक, आणि या चार वह्यांमध्ये मोठं, रकान्याच्या बाहेर गेलेलं, कुठे कुठे एका ओळीचा आकडा दुसऱ्या ओळीवर चढलेला. घाईघाईत भरलंय. एका बैठकीत महिनाभराचं भरलं तर असंच होतं. असे शेकड्यांनी पाहिलेत मी.

आणि शेवटचं पान! ते संगणकात भरलेलंच नाही, कारण त्यावर छापील रकाने नाहीत. तिथे पेन्सिलनं दर महिन्याची एक तारीख आणि पुढे एक आकडा. मथळा नाही, एकक नाही. १०९. १०९. १०९ आणि अर्धा. ११०. चारही वह्यांत असंच, वाढत वाढत शेवटी १३१. पाऊस नाही, हवेचा दाब नाही, आर्द्रता तर शंभराच्या वर जातच नाही. मग काय? पुढच्या वह्यांच्या शेवटी काही नाही, आधीच्याही नाही. फक्त गडबडीच्या वर्षांत.

कुठेतरी पाणी मुरतंय.

परवा शनिवार. अण्णांना फोन करून सांगितलं, मला बरं नाही, येत नाही. बरं आहे मला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आकडेवाल्यांनी शेवटच्या पानावरचे आकडे आणि त्या त्या महिन्यातली चूक शेजारी शेजारी मांडली. हा आकडा जसजसा वाढतो तसतशी चूक कमी होते. जवळजवळ सरळ रेषा. ते पेन्सिल कानामागून काढून नुसते बघत बसले. म्हणाले, इतकं सुंदर नातं वीस वर्षांत पाहिलं नाही.

सुंदर! नुसता आळशीपणा असता तर मी समजू शकले असते. हा तर ठरवून, कोष्टक करून केलेला उद्योग. किती कमी लिहायचं ते महिन्याच्या महिन्याला आधी ठरवायचं आणि हळूहळू खऱ्यावर यायचं, म्हणजे परत येताना कुणाला उडी दिसणार नाही. पण कशासाठी? अर्धा अंश थंडी वाढवून कुणाचं काय भलं होणार होतं?

आकडेवाले म्हणाले, घाई करू नका, ज्याला लपवायचं असतं तो शेवटच्या पानावर लिहून ठेवत नाही. मी म्हटलं, तुम्ही आकडे बघता, मी माणसं बघते. ते हसले. का हसले, कळलं नाही.

प्रकल्पाच्या प्रमुख बाईंनी तारीख दिली. चार मार्चला लाल यादीचा निकाल. नंतर जे वगळलं ते वगळलं, पुन्हा उघडायचं नाही. ४१७ हे त्या डोंगरभागातलं सलग नोंदी असलेलं एकमेव केंद्र आहे, तेव्हा नीट बघा, असं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. माझ्याकडेच का? यादी माझ्याकडे आहे म्हणून, आणखी कशाला. कधी कधी मला माझाच कंटाळा येतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दादाला फोन केला. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, तेव्हा वसतिगृहात राहून शिकत होता, सुट्टीलाच घरी यायचा. हो-नाही करत बोलला. एका सुट्टीत त्यानं अण्णांना भर दुपारी फाटकावर धडकताना पाहिलं होतं. फाटक बंद होतं आणि अण्णा सरळ चालत गेले. एकदा चहा कपाच्या बाहेर ओतला आणि आईनं काही न बोलता पुसून घेतला. पेपरसुद्धा स्वतः वाचेनासे झाले होते, तुझ्याकडून वाचून घ्यायचे, आठवतं? मला आठवतं, माझं वाचन सुधारावं म्हणून ते. दादा म्हणाला, मी कधी कुणाला बोललो नाही, पण मला वाटतं ते तेव्हा पीत होते.

फोन ठेवला. सगळं जुळलं. धडकणं, सांडणं, बिघडलेलं अक्षर, वीस दिवसांची रजा. रजेत सोडवली असणार. आईनं जन्मभर झाकून ठेवलं. आणि मी त्या माणसाच्या 'बरोबर'वर मोठी झाले.

यांना सांगितलं. हे म्हणाले, तुझ्या वडिलांनी लग्नात सरबताचा दुसरा पेला घेतला नव्हता, काहीतरीच बोलू नकोस. यांना काय कळतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज सरळ विचारलं. आधी डबे लावले, गोळ्या मोजून ठेवल्या. कॅलेंडर पाहिलं, गेला शनिवारही कोरा. मी आले नाही म्हणून तो दिवसही वाया. त्यावरूनच पेटले. म्हटलं, अण्णा, ४१७ लाल यादीत आलंय. साडेतीन वर्षांचे सकाळचे आकडे खोटे आहेत. तुम्ही तेव्हा पीत होता का?

ते आधी हसले, अगदी मनापासून. मग माझा चेहरा बघून गप्प झाले. म्हणजे चेहऱ्याकडे बघून असं मी लिहितेय, ते माझ्या खांद्याकडे बघत होते. नजरेला नजर देत नव्हते.

"काय करणार त्या केंद्राचं?"

"वगळणार. सगळी एकतीस वर्षं."

त्यांनी हात मांडीवर ठेवले. मग म्हणाले, रजेचे ते वीस दिवस सोडले तर एकतीस वर्षांत मी एकही दिवस पेटीकडे गेलो नाही असं झालं नाही, ताप असला तरी गेलो, तुझा जन्म झाला त्या सकाळीही साडेआठला आधी पेटी उघडली. मी म्हटलं, ते मला सांगू नका, आकडे सांगतायत ते वेगळंच आहे.

"शेवटचं पान पाहिलंस?"

"पाहिलं. तुमचं कोष्टक."

"मग पुन्हा वाच. तुझं वाचन तर कधी चुकत नाही."

हे टोमण्यासारखं लागलं. मी पिशवी उचलली आणि निघाले. दाराशी वळून पाहिलं तर ते गॅलरीकडे तोंड करून उभे होते, एक हात भिंतीला टेकवून. मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता.

२६ फेब्रुवारी, बुधवार

फॉर्म भरला. केंद्र ४१७. कारण: बनावट नोंदी. शिफारस: संपूर्ण वगळावे. सही केली. अजून दिला नाही, पर्समध्ये आहे.

बाकीच्या सदतीस केंद्रांचे फॉर्म भरताना मला प्रत्येकी पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती. याला अख्खी दुपार गेली. दुसऱ्या कुणाचे वडील असते तर काय केलं असतं? हेच. मग आपल्या वडिलांना सूट देणं म्हणजे तोच रविवारचा पठ्ठ्या आणि मी सारखीच. पण हात जड झाला हे खरं, आणि वहीत खोटं कशाला लिहू.

१ मार्च, शनिवार

सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी अण्णांकडे जायचं नाही असं ठरवलं होतं. नाश्ता करत होते. शेवटच्या पानांची नक्कल टेबलावर पडली होती. हे समोर चहा पीत होते, दोन बिस्किटं बुडवून, मी पाहत असताना. कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि सहज म्हणाले, "कुठल्या मुलीची उंची आहे ही?"

मी म्हटलं, काय?

म्हणाले, "अगं, एकशे नऊ, एकशे पंधरा, एकशे एकवीस, वर्षाला साधारण सहा सेंटीमीटर. सहा वर्षांची पोर साडेनऊची होईपर्यंत अशीच वाढते. तीस वर्षं मी हेच तक्ते भरले. मुलगाही असेल, पण कुणीतरी शाळकरी पोर. महिन्याच्या महिन्याला कोण मोजतं पण? आम्ही वर्षातून दोनदा मोजायचो."

चहा गार झाला. मी कागदाकडे बघत होते आणि मला पेटीचा खांब आठवत होता. पाठ टेकवून ताठ उभं राहायचं. डोक्यावर वही आडवी दाबली जायची, तिच्या पुठ्ठ्याचा वास यायचा. आणि रोज सकाळी मान वर करून, खालून, मी वाचायचे. खालून पाहिलं तर आकडा कमी दिसतो. मी वाढत गेले तसा डोळा पाऱ्याजवळ येत गेला. हळूहळू सुधारणारा थर्मामीटर मीच होते.

कपडे न बदलता गेले. हे पण बरोबर आले, जिन्यात थांबले. अण्णांनी दार उघडलं. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला दिसत नव्हतं."

ते खुर्चीवर बसले. मोतीबिंदू, म्हणाले. ऐन पस्तिशीत, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणाले, पिकेपर्यंत थांबा, मगच काढता येईल. तेव्हा तशीच पद्धत होती. तीन-चार वर्षं लागतील. ती वीस दिवसांची रजा त्या ऑपरेशनची. डोळे गेलेल्या निरीक्षकाला कोण ठेवणार? नोकरी गेली की क्वार्टर गेलं, दोन पोरं, दादाचं वसतिगृह. आईला सांगितलं, आणखी कुणाला नाही. आडवे थर्मामीटर हातात काढून डोळ्याला अगदी चिकटवले की कसेबसे दिसायचे. उभा जागेवरून काढायची मनाई होती. तो तू वाचायचीस.

मी विचारलं, मला स्टूल का नाही दिलं?

"केंद्राच्या साहेबांची खिडकी समोर होती. बापाच्या मागे पोर खेळतंय म्हटलं की कुणी बघत नाही. पेटीशी स्टूल दिसलं असतं तर विचारलं असतं."

"आणि तुम्ही रोज म्हणायचात, बरोबर."

"तू म्हणशील ते बरोबर. दुसरं मला कुठे काय ठाऊक होतं?"

मग म्हणाले, "साहेबांना सांगता येत नव्हतं, पण वहीला फसवायचं नव्हतं. उपकरण बदललं की नोंद करायची असते. मी केली. कधीतरी कुणीतरी नीट वाचेल असं वाटलं होतं."

मला सांगायला काय झालं होतं, असं मी ओरडले. पन्नास वर्षं! म्हणाले, तू सगळ्यांना सांगत फिरायचीस की मी एकदाही चुकले नाही. ते कसं मोडणार?

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. छप्पन्न वर्षांची बाई. हे केव्हातरी आत आले आणि चहा टाकला, तिघांचा. फॉर्म मी तिथेच फाडला.

४ मार्च, मंगळवार

बैठक झाली. सगळं सांगितलं, केंद्र कुणाचं तेही. नव्या फॉर्मवर लिहिलं: सदर काळात उभ्या थर्मामीटरचे वाचन निरीक्षकाच्या मुलीने केले, वय सहा ते साडेनऊ, उंची शेवटच्या पानावर, त्यानुसार दुरुस्ती करून केंद्र ठेवावे. वाचणारीची सही म्हणून खाली माझी सही.

बाईंनी फॉर्म दोनदा वाचला. आकडेवाल्यांनी माझी उंची वापरून दुरुस्ती करून पाहिली. ४१७ त्या अकरा केंद्रांच्या ओळीत असं जाऊन बसलं जसं कधी उठलंच नव्हतं. एकतीस वर्षं राहिली. आकडेवाले म्हणाले, म्हणजे बिघडलेलं उपकरण तुम्ही. म्हटलं, हो. ते परत हसले आणि या वेळी मीही हसले. त्यांना आधी काहीच ठाऊक नव्हतं. मी विचारलंच.

रविवारच्या पठ्ठ्याची फाईल परत मागवली आहे. त्यानं रविवारी काय केलं ते मी बघितलं होतं. का केलं ते बघितलंच नव्हतं.

८ मार्च, शनिवार

आठला पोचले. अण्णांना निकाल सांगितला. त्यांनी दोनदा विचारलं, सगळी एकतीस? सगळी, म्हटलं. मान डोलावत बसले.

साडेआठला म्हणाले, "बघ गं, काय म्हणतोय?"

मी गॅलरीत गेले. जाता जाता कॅलेंडर पाहिलं. एक तारखेपासून आजपर्यंत एकही आकडा नाही. एक तारखेलाही रडारडीत आम्ही वाचलं नव्हतं. मागची पानं उलटली. जानेवारी, फेब्रुवारी, दोन्हीत फक्त शनिवार. मी आलेले शनिवार.

या वेळचा संशय मला नको होता. पण सवय. गुडघे वाकवून डोळा पाऱ्यासमोर आणला. एकोणीस आणि चार. आणि मी मोठ्यानं म्हणाले, "एकवीस आणि दोन."

"बरोबर," अण्णा म्हणाले, आणि कॅलेंडर नाकाजवळ धरून लिहायला लागले. अक्षर मोठं, रकान्याच्या बाहेर.

मी आत येऊन त्यांच्या शेजारी बसले. "चुकलं, अण्णा. एकोणीस आणि चार आहे."

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी आकड्यावर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी नवा आकडा लिहिला. खोडरबर कधी वापरायचं नाही, हे त्यांनीच शिकवलंय. कधीपासून, मी विचारलं. थंडी सुरू झाल्यापासून, म्हणाले, मध्यभागी काळं दिसतं, कडेनं दिसतं थोडं. का नाही सांगितलंत, असं विचारणार होते, पण गेला महिनाभर मी या घरात येऊन काय काय पाहिलं आणि त्याचे काय अर्थ लावले, ते आठवलं आणि तोंड उघडलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. आणि कपड्यांची पिशवी उद्या भरायची आहे, ते आमच्याकडे येतायत. हट्ट केला, पण फार नाही. थर्मामीटर बरोबर न्यायचा या अटीवर.

निघण्याआधी मी कॅलेंडर उलटं केलं. मागच्या पानावर पेन्सिलनं आजची तारीख घातली आणि पुढे लिहिलं, १५६.

"काय लिहिलंस?" अण्णांनी विचारलं.

म्हटलं, उपकरण बदललंय, नोंद केली.

ते हसले आणि हात पुढे केला. जिना उतरताना मी तो धरला होता, घट्ट.